ओझे वाहणाऱ्यांची सफारी

गेल्या वर्षी उत्सवाच्या तिसऱ्या रात्री आपल्या मंडळातल्या एका कुटुंबाने केनियाच्या सहलीची छायाचित्रे पडद्यावर दाखवली होती. उघड्या टपाची जीप, पिवळे गवत, गवतात लोळणारे सिंह. सगळ्यांनी कौतुकाने पाहिले. आरती झाल्यावर प्रसाद घेता घेता चौथी-पाचवीतल्या एका मुलीने मला विचारले, "आजोबा, जीप नव्हती तेव्हा सफारी कशी करायचे?" मी म्हणालो, "पायी." तिने लगेच दुसरा प्रश्न टाकला, "मग सामान कोण उचलायचं?"

मी तोंड उघडेपर्यंत ती मैत्रिणींच्या घोळक्यात पळालीसुद्धा. इतिहासाचा मास्तर म्हणून जन्म घालवला, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच ऐकला असेल. त्याचे उत्तर शोधू गेल्यास वाट थेट आपल्या नाशिकपर्यंत येते. ते उत्तर यंदाच्या स्मरणिकेत लिहून ठेवतो.

आधी शब्द पाहू. 'सफारी' हा पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला शब्द. त्याचे मूळ अरबी 'सफर', म्हणजे आपल्या मराठी सफरीचे हे सख्खे भावंड. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. पाहुण्यांकडे निघालेली म्हातारीही तिथे सफारीलाच निघते. हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर शेकडो वर्षे गलबतांची ये-जा होती, त्यामुळे असे शब्द इकडून तिकडे गेले. तिथे दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी' आणि चपातीला चपातीच.

आता पायी का? बैलगाडी, घोडा, खेचर असे काही का नव्हते? याचे कारण त्सेत्से नावाची माशी. ही माशी चावली की गुरे, घोडे, उंट खंगून मरतात. माशीतून जनावराच्या रक्तात एक सूक्ष्म परोपजीवी शिरतो, हे डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८९५ च्या सुमारास दक्षिणेकडील झुलूलँडमध्ये दाखवून दिले. कारण कळायच्या कितीतरी आधीपासून तिथल्या लोकांना परिणाम ठाऊक होता. मध्य आणि पूर्व आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात ओझ्याची जनावरे टिकतच नसत. म्हणून हस्तिदंत, कापड, मणी, तांब्या-पितळेची तार, सगळे काही माणसाच्या डोक्यावरून आणि खांद्यावरून जाई.

एकोणिसाव्या शतकातला तांडा ही एक शिस्तबद्ध व्यवस्था होती. ओझेकऱ्यांना 'पगाझी' म्हणत. एकेकाच्या वाट्याला तीसेक किलो ओझे येई, शिवाय स्वतःची चटई, भांडे आणि शिधा. पुढे झेंडा घेतलेला वाटाड्या, त्याला 'किरांगोझी' म्हणत. बरोबर बंदूकधारी 'अस्करी', आणि माणसांच्या गटांवर मुकादम. पैशाच्या जागी कापड चाले. अमेरिकेतून येणाऱ्या कोऱ्या कापडाला 'मेरिकानी' म्हणत आणि हिंदुस्थानातून जाणाऱ्या निळीत रंगवलेल्या कापडाला 'कानिकी'. कुठल्या मुलुखात कोणत्या रंगाचे मणी चालतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा तांडा उपाशी राही. वाटेतल्या प्रमुखांना 'होंगो' नावाचा कर द्यावा लागे, आणि त्यासाठी दिवसचे दिवस घासाघीस चाले.

दिनक्रम ठरलेला असे. उजाडण्यापूर्वी उठायचे, ऊन चढण्याआधी मजल मारायची, दुपारपर्यंत मुक्काम गाठायचा, काटेरी फांद्यांचे कुंपण घालायचे आणि आपापल्या टोळीची चूल पेटवायची. वारीत दिंडीबरोबर चाललेल्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की इथे वाटेत अन्नदान नव्हते आणि रात्री कुंपणाबाहेर सिंह असे.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. याच वाटांवरून गुलामांचे जथेही साखळदंडात समुद्राकडे नेले जात. पण ओझेकरी सगळे गुलाम नव्हते. न्यामवेझी लोकांमधले कितीतरी तरुण स्वखुशीने मजुरी ठरवून हे काम करत. समुद्रापर्यंत जाऊन आलेल्या माणसाला गावात मान असे. मजुरी किंवा शिधा कमी पडला तर हेच लोक ओझी खाली ठेवून बसत, आणि मग गोऱ्या साहेबाचे काही चालत नसे.

या तांड्यांमधला सर्वांत नावाजलेला माणूस होता सिदी मुबारक बॉम्बे. आडनाव नीट वाचा, बॉम्बेच आहे. तो याओ जमातीचा. लहानपणी गुलाम म्हणून पकडून त्याला हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकडे आणून विकले. मालक मेल्यावर तो मोकळा झाला आणि आफ्रिकेला परतला. १८५७ मध्ये रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक यांनी त्याला कामावर घेतले. बोलण्याची अडचण आली नाही, कारण साहेबांनाही हिंदुस्तानी येत होती आणि बॉम्बेलाही. पुढे स्पीक, ग्रँट, स्टॅन्ले आणि कॅमेरून या सगळ्यांच्या तांड्यांत तो होता. नाईलचे उगमस्थान ज्यांनी 'शोधले', त्यांना तिथवर नेणाऱ्यांत हिंदुस्तानी बोलणारा हा माणूस होता. शाळेत मी मुलांना स्पीकचे नाव पाठ करायला लावत असे. बॉम्बेचे नाव मलाच ठाऊक नव्हते.

आता नाशिककडे वळू. नाशिकला गेलेल्या प्रत्येकाने शरणपूर रोड पाहिलेला असतो. हे शरणपूर म्हणजे १८५४ साली ख्रिस्ती मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. इंग्रज आरमाराच्या नौका अरबी गलबते अडवून गुलाम सोडवत. त्यांतल्या अनेक आफ्रिकी मुलांना मुंबईत उतरवले जाई. या मुलांसाठी शरणपुरात आश्रम आणि शाळा होती. तिथे लिहिणे-वाचणे शिकवत, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. आपल्या गावाचे नावही न आठवणारी ही मुले गोदावरीच्या काठी वाढली. पुढे आफ्रिकेत त्यांना 'नासिक बॉइज' हेच नाव पडले.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश डॉक्टर आणि मिशनरी १८६४ मध्ये झांजिबारहून स्वतःच्या लहानशा आगबोटीने मुंबईला आला. त्याच्याबरोबर चुमा नावाचा मुलगा होता. गुलामांच्या एका जथ्यातून सुटलेला. त्याला मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. ज्यांच्या नावाने आजचे विल्सन कॉलेज ओळखले जाते तेच हे विल्सन. लिव्हिंग्स्टन पुन्हा आफ्रिकेला निघाला तेव्हा चुमा बरोबर होताच. शिवाय नाशिकच्या शाळेतले नऊ तरुण आणि मुंबईच्या मरीन बटालियनचे काही शिपाईही घेतले. उंट, म्हशी, खेचरे, गाढवेही नेली. त्सेत्सेपुढे यांतले कोणते जनावर टिकते ते त्याला पाहायचे होते. १८६६ च्या वसंतात हा तांडा रोव्हुमा नदीच्या बाजूने आत शिरला. थोड्याच महिन्यांत जनावरे एकामागून एक गेली. माशीने काही, आणि शिपायांच्या हयगयीने काही, असे लिव्हिंग्स्टनचे म्हणणे होते. शिपायांना त्याने परत पाठवले. उरली ती माणसे आणि त्यांचे पाय.

१८७२ मध्ये नाशिकच्या तरुणांची दुसरी तुकडी लिव्हिंग्स्टनला जाऊन मिळाली. तिच्यात जेकब वेनराइट होता, मॅथ्यू वेलिंग्टन होता. नावे इंग्रजी, जन्म आफ्रिकेतला, शिक्षण नाशिकचे. त्यांच्यासह निघालेला तांडा बांगवेउलू सरोवराभोवतीच्या दलदलीत शिरला. पाऊस थांबत नव्हता, लिव्हिंग्स्टनला रक्ती हगवण लागलेली. शेवटी त्याला झोळीत घालून चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावी आणले. हे ठिकाण आजच्या झांबियात आहे. १ मे १८७३ च्या पहाटे तो खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत सापडला.

आता या साठेक माणसांनी काय करावे? साहेब मेला होता. त्यांना रोखणारे, मजुरी देणारे, शिक्षा करणारे कोणी उरले नव्हते. गावाबाहेर खड्डा खणून, सामान वाटून घेऊन पांगले असते तर कोणी विचारले नसते. उलट प्रेत घेऊन परक्या मुलुखांतून जाणे हे जिवावरचे काम होते. वाटेतले लोक प्रेताला अपशकुन मानत आणि दंड घेत किंवा हल्ला करत. तरीही त्यांनी एकत्र बसून ठरवले की डॉक्टरला त्याच्या माणसांकडे पोहोचवायचे. चुमा आणि सुसी या दोघांना त्यांनी स्वतः पुढारी नेमले.

हृदय आणि आतडी काढून गावातल्या एका झाडाखाली पुरली. ते काम फरिजाला नावाच्या माणसाने केले. तो पूर्वी झांजिबारला एका डॉक्टरकडे नोकर होता. शरणपुरात शिकलेल्या जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. त्याने तिथे साहेबाबरोबर तांड्यातल्या आपल्या काही माणसांचीही नावे कोरली, हे मला विशेष वाटते. शरीराला मीठ लावून दोन आठवडे उन्हात सुकवले, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळले, वर शिडाचे कापड शिवले, आणि काठीला बांधून दोघांच्या खांद्यावर घेतले.

मग नऊ महिने चालले. हजार मैलांहून अधिक अंतर. सुरुवातीलाच आजारपणाने बरेच जण लोळले, काही वाटेत मेले. तांड्यात बायकाही होत्या. स्वयंपाक करणारी हलिमा शेवटपर्यंत चालली. लोसी नावाच्या, पाण्याचे भांडे घेऊन चालणाऱ्या मुलीला साप चावला आणि ती वाटेतच गेली.

ऑक्टोबर १८७३ मध्ये ताबोराजवळ त्यांची गाठ लेफ्टनंट कॅमेरूनशी पडली. तो लिव्हिंग्स्टनच्याच मदतीला निघाला होता. जेकबने लिहिलेले मृत्यूचे पत्र घेऊन चुमा पुढे गेला होता. कॅमेरूनने सुचवले, कशाला धोका पत्करता, इथेच पुरा. या लोकांनी ऐकले नाही. कॅमेरूनच्या तांड्याचा म्होरक्या त्या वेळी कोण होता? सिदी मुबारक बॉम्बे. मुंबईच्या शाळेत शिकलेला चुमा, नाशिकचा जेकब आणि बॉम्बे आडनावाचा हा म्हातारा, तिघे त्या दिवसांत आफ्रिकेच्या मध्यावर एकाच मुक्कामी होते. ते आपसात कोणत्या भाषेत बोलले असतील याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढे एका गावी लोकांनी प्रेत नेण्यास विरोध केला. तेव्हा या मंडळींनी धाटांचे एक खोटे प्रेत बांधले आणि ते माघारी पुरायला नेत असल्याचा देखावा केला. खरे शरीर मात्र व्यापारी कापडाच्या गाठोड्यासारखे बांधून पुढे काढले. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते किनाऱ्यावर बागामोयोला पोहोचले. तिथे शरीर आरमाराच्या ताब्यात गेले, आणि बहुतेकांना ठरलेली मजुरी देऊन वाटेला लावले.

पुढचा प्रवास आगबोटीचा. साउदॅम्प्टनला १५ एप्रिल १८७४ रोजी ज्या बोटीने शवपेटी उतरवली तिचे नाव 'माळवा' होते. इंदूरकरांना हा योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. शवपेटीबरोबर आफ्रिकी माणूस एकच होता, नाशिकचा जेकब वेनराइट. तीन दिवसांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा पेटीला हात लावून चालणाऱ्यांत तो होता. चुमा आणि सुसी इंग्लंडला पोहोचले ते अंत्यविधी उरकल्यावर. त्यांनी सांगितलेल्या हकिगतीवरूनच लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या दैनंदिनीच्या पुस्तकातला शेवटचा भाग लिहिला गेला. भूगोल संस्थेने या माणसांसाठी पदके पाडली, पण ती झांजिबारला येईपर्यंत बरेच जण पांगलेले होते.

चुमा पुढे जोसेफ थॉमसनच्या मोहिमेचा म्होरक्या झाला आणि १८८२ मध्ये वारला. जेकब १८९२ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र १९३५ पर्यंत मोंबासात जगला. शरणपूरच्या इतर अनेक मुलांना १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रेरटाउन इथे वसवले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्या नावाचे हे गाव. तिथे या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. जन्मभूमीत परतूनही ते परदेशी ठरले. पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही ठसठस थोडीफार कळावी.

यानंतर काळ बदलला. १८९६ ते १९०१ या वर्षांत मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे झाली. ती बांधण्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, तीस हजारांहून अधिक मजूर नेले होते. आता शिकारी साहेब आगगाडीने आत येत आणि तिथून पायी निघत. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या तांड्यात दोनशेहून अधिक ओझेकरी होते. तंबू, टेबल-खुर्च्या, पुस्तकांची पेटी आणि मारलेल्या जनावरांची कातडी मुरवण्यासाठी टनावारी मीठ, हे सगळे माणसांच्या डोक्यावर. रूझवेल्ट आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरे मारली, हा हिशेब त्यांनी स्वतः छापला आहे. ओझेकऱ्यांच्या नावांची यादी त्या हिशेबाइतकी सहज सापडत नाही. पुढे मोटारी आल्या आणि पायी तांडे ओसरले.

आज जिला 'वॉकिंग सफारी' म्हणतात, म्हणजे जंगलात दिवसचे दिवस पायी हिंडायचे आणि फिरत्या तळावर मुक्काम करायचा, ती त्यानंतर नव्याने रुजली. तिचे एक माहेर झांबियातले लुआंग्वा नदीचे खोरे. हीच नदी लिव्हिंग्स्टनच्या तांड्याने डिसेंबर १८६६ मध्ये ओलांडली होती. तिथे नॉर्मन कार नावाचा अधिकारी पिके तुडवणाऱ्या हत्तींना मारण्याच्या कामावर होता. पुढे त्यानेच उलटी वाट धरली. १९५० मध्ये कुंदा लोकांच्या न्सेफू या प्रमुखाशी बोलून त्याने ठरवले, की जमिनीचा एक भाग वन्यप्राण्यांसाठी राखावा, पाहुण्यांना जनावरे दाखवावीत, आणि येणारा पैसा गावाच्या तिजोरीत जावा. पुढच्या दशकात त्याने पाहुण्यांना बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन पायी फिरवायला सुरुवात केली. १९७२ मध्ये दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान झाले.

दुसरे माहेर दक्षिण आफ्रिकेतले उम्फोलोझी. तिथे इयन प्लेयर या वनाधिकाऱ्याने १९५९ मध्ये पाहुण्यांना पायी नेण्यास सुरुवात केली. त्याचा गुरू आणि सोबती होता मागकुबू न्तोंबेला हा झुलू वनरक्षक. शाळेत न गेलेल्या या माणसाला प्रत्येक झाडाचे, पक्ष्याचे, पाऊलखुणेचे नाव ठाऊक होते. आपण मागकुबूकडून शिकलो, हे प्लेयर जन्मभर सांगत राहिला. तांड्यांच्या शंभर वर्षांच्या इतिहासात हे वाक्य फार उशिरा ऐकू येते.

आजची पायी सफारी कशी असते? सहा-आठ माणसे, एकामागे एक. पुढे बंदूकधारी वनरक्षक, त्यामागे वाटाड्या. बोलणे खुणेने. वाटाड्या मुठीतली राख किंवा धूळ सोडून वारा पाहतो, कारण हत्तीला आणि रानम्हशीला माणसाचा वास आधी कळतो. काहीही झाले तरी पळायचे नाही, हा पहिला नियम. पहाटे निघून ऊन चढेपर्यंत चालायचे. वाटेत झाडाखाली चहा. जीपमधून न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात : वारुळावरची ताजी माती, पाणवठ्याकडे गेलेले बिबट्याचे ठसे, हत्तीच्या शेणात उगवलेले रोप. तोवर दुसरी मंडळी तळ हलवून पुढच्या मुक्कामी तंबू उभारतात, बादलीभर पाणी तापवून ठेवतात, चूल पेटवतात. लुआंग्वात हा हंगाम कोरड्या महिन्यांचा. नोव्हेंबरच्या सुमारास पाऊस आला की गवताच्या झोपड्या मोडतात, नदी फुगते, आणि आपला मांडव उतरल्यावर जसे मैदान, तसा तो काठ पुन्हा मोकळा होतो.

म्हणजे सामान आजही कोणीतरी उचलतेच. तर बाळे, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे. सामान चुमाने उचलले, सुसीने उचलले, हलिमाने आणि लोसीने उचलले. आपल्या नाशिकला शिकलेल्या जेकबने आणि मॅथ्यूने उचलले, आणि नावे न उरलेल्या हजारोंनी उचलले. उद्या मोठी होऊन तू आफ्रिकेला गेलीस तर सिंहाचे छायाचित्र जरूर काढ. पण तळावर पोहोचल्यावर तंबू उभारणाऱ्याला त्याचे नाव विचार आणि ते वहीत लिहून ठेव. पुढच्या उत्सवात पडद्यावर सिंहाबरोबर तेही आम्हाला सांग.

आणि आपण मोठ्यांनी नाशिकला गेल्यावर शरणपूर रोडवरून जाताना क्षणभर थांबावे. तिथून निघालेली पावले फार लांब गेली होती.